बकऱ्याच्या कानामागची गोचीड

बकरी ईद आठ-पंधरा दिवसांवर आली की आपल्या मोहल्ल्यांत बकऱ्यांचे आवाज सुरू होतात. मुंबईकर देवनारच्या बाजारातून राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून आलेला बकरा घेऊन येतात. गावाकडे तो आठवडी बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून येतो, तर काही घरांत तो वर्षभर आपल्याच गोठ्यात वाढलेला असतो. मग मुलांना दुसरे काही सुचत नाही. त्याला नाव ठेवायचे, पाला भरवायचा, अंग घासायचे, गळ्याला मिठी मारून बसायचे. शाळेतून आल्यावर दप्तर एका कोपऱ्यात आणि पोर बकऱ्यापाशी, असे चित्र त्या दिवसांत घरोघर दिसते.

हा जिव्हाळा चांगलाच आहे. ज्या जनावराची कुर्बानी द्यायची, त्याला प्रेमाने वागवावे, त्याला त्रास होऊ देऊ नये, अशीच आपली शिकवण आहे. पण या लाडात एक काम मुले फार हौसेने करतात. बकऱ्याच्या कानामागच्या, शेपटीखालच्या टम्म फुगलेल्या गोचिड्या ओढून काढायच्या आणि दगडावर नाहीतर अंगठ्याच्या नखावर चिरडायच्या. कुणी जास्त मारल्या याची मोजदाद होते. घरातली मोठी माणसेही "जनावराचा त्रास कमी केला" म्हणून शाबासकी देतात. नखावर रक्त लागते, ते बकऱ्याच्याच पाठीला पुसले जाते आणि तोच हात पुढे बिस्किटाच्या पुड्यात जातो.

आम्ही आज लिहीत आहोत ते या नखावरच्या रक्ताविषयी. घाबरवण्याचा हेतू मुळीच नाही. गोचीड चावलेल्या बहुतेक माणसांना काहीही होत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पण ज्या थोड्यांना होते, त्यांचा जीव अनेकदा दोन गोष्टींवर अवलंबून असतो. गोचीड कशी काढली, ही पहिली. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तेव्हा डॉक्टरांना गोचिडीचे सांगितले की नाही, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

गोचीड म्हणजे काय?

उर्दूत तिला चिचडी म्हणतात, मराठीत गोचीड. पुष्कळांना ती किडा वाटते, पण तिचे नाते डास-माशीपेक्षा कोळी आणि विंचवाशी जवळचे आहे. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात. अंड्यातून निघालेल्या पिलाला मात्र सहाच असतात. पिलू, मग मधली अवस्था, मग पूर्ण वाढलेली गोचीड, अशी तिची वाढ होते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला कुणाचे तरी रक्त लागते. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते आणि हजारोंनी अंडी घालते. ती फुगलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी दिसते. एरंडाच्या शास्त्रीय नावातला 'रिसिनस' हा लॅटिन शब्द मुळात गोचिडीचाच आहे.

गोचिडीला पंख नसतात आणि तिला उडीही मारता येत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून बसते. त्या पायांवर वास आणि उष्णता ओळखणारी इंद्रिये असतात. जनावर किंवा माणूस जवळून गेला की त्याच्या श्वासाची, अंगाच्या उबेची तिला चाहूल लागते आणि स्पर्श होताच ती चिकटते. मग मऊ, झाकलेली जागा शोधत अंगावर फिरते. चावताना तिच्या लाळेमुळे त्वचेला वेदना जाणवत नाही, म्हणून डास चावल्यावर जसा पटकन हात जातो तसा इथे जात नाही. मधल्या अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असू शकते. ती दिवसभर अंगावर असली तरी कळत नाही.

आजार पसरतो तो याच लाळेतून. आजारी जनावराचे रक्त प्यायलेल्या गोचिडीच्या पोटात विषाणू जातात, तिथे वाढतात, लाळेपर्यंत पोहोचतात आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्याच्या अंगात उतरतात. गोचीड स्वतः आजारी पडत नाही, पण एकदा लागण झाली की ती बहुधा मरेपर्यंत विषाणू बाळगते. सगळ्याच गोचिड्यांत विषाणू नसतात. गाव, रान, हंगाम आणि गोचिडीची जात यांवर ते ठरते. म्हणून "गोचीड चावली, आता काय होणार?" याचे एकच उत्तर देता येत नाही. आपल्या भागात कोणता आजार आहे, हे आधी पाहावे लागते.

सिंधुदुर्गातला माकडताप

महाराष्ट्राला गोचिडीच्या आजाराची खरी ओळख झाली ती माकडतापाने. याचे वैद्यकीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. 1957 साली कर्नाटकातल्या, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसेही तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ तिथे गेले. आज ही संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका सुरुवातीला होती. तपासाअंती तो वेगळाच, तोवर ठाऊक नसलेला विषाणू निघाला आणि तो पसरवणारी गोचीड असल्याचे सिद्ध झाले.

बरीच वर्षे हा आजार कर्नाटकापुरताच मानला जाई. 2012 नंतर तो सह्याद्रीच्या रांगेत इतरत्रही दिसू लागला. केरळात वायनाड, तामिळनाडूत निलगिरी, 2015 मध्ये गोव्याचा सत्तरी तालुका आणि 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गातला दोडामार्ग. पुढे बांदा-सावंतवाडीच्या बाजूलाही रुग्ण आढळले. 2024 सालीही कर्नाटकात या तापाने माणसे दगावली.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात याची झळ बसली ती काजूच्या बागांत राबणाऱ्यांना. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत मधल्या अवस्थेतल्या बारीक गोचिड्या रानात सर्वांत जास्त असतात आणि नेमका तोच काळ काजू वेचण्याचा, पातेरा गोळा करण्याचा, पावसाळ्यासाठी सरपण साठवण्याचा. बाया वाकून झाडाखालच्या पालापाचोळ्यात हात घालतात. मुले सुट्टीच्या दिवशी मदतीला जातात. गुरे रानात चरून संध्याकाळी गोठ्यात परततात आणि अंगावर गोचिड्या घेऊन येतात. कोकणातली अनेक मुस्लिम कुटुंबेही काजू-आंब्याच्या बागांवर जगतात, तेव्हा हा प्रश्न शेजाऱ्याचा नाही, आपलाही आहे.

माकडताप गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत सुरू होतो. एकदम थंडी वाजून जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, कंबर-पोटऱ्या पिळवटून निघाव्यात असे अंगदुखीचे कळ, उलट्या, जुलाब, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे आहेत. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून किंवा पोटात रक्तस्राव होतो. बरेच जण एक-दोन आठवड्यांत सावरतात. काहींना मात्र बरे वाटल्यावर पुन्हा ताप भरतो आणि या दुसऱ्या फेरीत मान आखडणे, हातपाय थरथरणे, भ्रम होणे अशी मेंदूची लक्षणे दिसतात. लागण झालेल्या शंभर जणांपैकी साधारण तीन ते पाच दगावतात. एक दिलासा असा की हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. घरातल्या रुग्णाची सेवा करायला घाबरण्याचे कारण नाही.

रानात मेलेले माकड ही या आजाराची धोक्याची घंटा आहे. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या उतरतात आणि आसपास पसरतात. असे माकड दिसले तर त्याला हात लावू नये, तिथे थांबू नये, मुलांना बघायला नेऊ नये. ग्रामपंचायत, वन खाते किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. एका फोनने सगळी वाडी सावध होऊ शकते.

जनावरांच्या गोठ्यातून येणारा काँगो ताप

दुसरा आजार रानापेक्षा गोठ्याशी जास्त जोडलेला आहे. 1944 साली क्रिमियात सोव्हिएत सैनिकांमध्ये रक्तस्रावाचा ताप पसरला. 1956 साली आफ्रिकेत काँगोमध्ये एका रुग्णात विषाणू सापडला. पुढे हे दोन्ही एकच असल्याचे कळले आणि नाव पडले क्रिमियन काँगो रक्तस्रावी ताप. तो पसरवते ती मुख्यतः 'हायलोमा' जातीची गोचीड. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंट अशा जनावरांवर ती जगते. जनावराला लागण झाली तरी ते आजारी दिसत नाही. साधारण आठवडाभर त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि तेवढ्या दिवसांत ते चांगले धडधाकट, खाते-पिते दिसते.

भारतात या तापाचे रुग्ण पहिल्यांदा सापडले ते जानेवारी 2011 मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंदजवळच्या कोलट गावात. एका महिलेचा मृत्यू झाला आणि पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू दुसऱ्या माणसाला होतो, हे त्यातून देशाला कळले. 2019 मध्ये गुजरात-राजस्थानात पुन्हा रुग्ण आढळले आणि 2020 मध्ये शेजारच्या गुजरातमधल्या रुग्णांमुळे आपल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार या तापात शंभरातले दहा ते चाळीस रुग्ण दगावतात. आजार विरळा आहे, पण झाला तर भयंकर आहे.

माणसाला तो तीन वाटांनी होतो: गोचीड चावून, लागण झालेल्या जनावराच्या ताज्या रक्ताशी संबंध येऊन आणि रुग्णाच्या रक्ताशी किंवा शरीरातल्या द्रवांशी संबंध येऊन. गोचीड उघड्या हाताने चिरडणे ही पहिल्या वाटेसारखीच वाट आहे. नखापाशी साल निघालेली असते, बोटाला चीर असते, हात डोळ्याला लागतो आणि गोचिडीच्या पोटातले विषाणू अंगात शिरू शकतात. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेला मुलांचा खेळ थांबवायला हवा, तो यासाठीच.

इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान या देशांत हा ताप वारंवार होतो आणि तिथले आरोग्य खाते ईद-उल-अजहाच्या आधी दरवर्षी लोकांना सावध करते. आपली ईद चंद्राच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. ती उन्हाळ्याच्या महिन्यांत येते तेव्हा गोचिड्यांचा जोरही जास्त असतो. देशभरातून जनावरे एका बाजारात येतात, चार दिवस एकमेकांना खेटून उभी राहतात, एकीच्या अंगावरची गोचीड दुसरीवर चढते आणि मग ती आपल्या अंगणात येतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुर्बानीचे मांस खाल्ल्याने हा ताप होत नाही. नीट शिजवल्यावर हा विषाणू टिकत नाही. धोका असतो तो ताज्या रक्ताचा आणि गोचिडीचा. त्यामुळे "बकरी ईदमुळे रोग पसरतो" असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे आणि "आपल्याला काही होत नाही, आपण पिढ्यान् पिढ्या हेच करतो" असे आपण म्हणत असू तर तेही चूक आहे.

औषध आहे, पण वेळेवर हवे

गोचीड आणि तिच्या जातभाईंमुळे होणारे काही ताप मात्र साध्या औषधाने बरे होतात. गोचिडीमुळे होणाऱ्या ठिपक्यांच्या तापात अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवरही, लालसर ठिपके उठतात. कुत्र्यांवरच्या गोचिड्याही तो पसरवतात. अंगणात किंवा गल्लीत मोकळी कुत्री बसत असतील तर मुलांना तिथल्या भिंतीच्या फटींपासून आणि गोणपाटांपासून लांब ठेवावे. दुसरा ताप स्क्रब टायफस. तो गोचिडीमुळे नव्हे, तर गवतातल्या तिच्याहून बारीक माइटच्या पिलामुळे होतो. 2018 साली नागपूर आणि विदर्भात त्याने अनेकांचे प्राण घेतले. त्यात चावल्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असते, त्यामुळे रुग्ण लाजेने दाखवत नाही आणि डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. आपल्या घरातल्या स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच होते. अशा वेळी बहिणीने, आईने किंवा नवऱ्याने अंग नीट तपासावे आणि शक्य असेल तर महिला डॉक्टरांना दाखवावे. पण दाखवल्यावाचून राहू नये.

या दोन्ही तापांवर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध चांगले काम करते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते. उशीर झाला तर मात्र हेच आजार मूत्रपिंड, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पोहोचतात.

गोचीड चिकटलीच तर

घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण अनेक उपाय ऐकलेले असतात: रॉकेलचा बोळा ठेवा, तंबाखू लावा, जळती काडी टेकवा, तेलात बुडवा. यांतला एकही उपाय करू नये. चटका बसला किंवा जीव गुदमरला की गोचीड लाळ आणि पोटातला द्रव अधिकच ओकते आणि आपण टाळू पाहतो तेच घडते. योग्य पद्धत साधी आहे.

1. भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. तो नसेल तर बोटांवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा कागदाची घडी धरावी. उघड्या बोटांनी धरू नये.

2. गोचिडीचे फुगलेले पोट न दाबता, त्वचेला अगदी लागून तिच्या तोंडाशी चिमटा धरावा.

3. न पिळता, न हिसकता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढावे. थोडा वेळ लागतो, पण ती सुटते.

4. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला आणि तो सहज निघत नसेल तर सुईने उकरत बसू नये. त्वचा तो हळूहळू बाहेर टाकते.

5. जागा आणि हात साबणाने धुवावेत. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावावे.

6. गोचीड चिरडू नये. झाकणाच्या लहान बाटलीत स्पिरिट किंवा सॅनिटायझर घालून त्यात टाकावी किंवा चिकटपट्टीत घट्ट गुंडाळून फेकावी. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला तर उत्तम.

7. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. तिथून पुढचे तीन आठवडे तापावर लक्ष ठेवावे.

गोचीड जितका कमी वेळ अंगावर राहील, तितका धोका कमी. काही जंतू पोहोचायला अंगावर बरेच तास जावे लागतात, काही विषाणू मात्र लवकर उतरतात. म्हणून "डॉक्टरकडे गेल्यावर काढू" असे म्हणून थांबू नये. दिसली की लगेच, पण नीट काढावी.

कुर्बानीच्या दिवसांत

बकरा घरी आला की त्याला पशुवैद्यकाला दाखवावे आणि गोचिडीच्या औषधाविषयी विचारावे. गोचिडनाशकाची फवारणी कुर्बानीच्या निदान दोन आठवडे आधी व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. तेव्हा शक्य असेल त्यांनी जनावर थोडे लवकर आणावे. एक काळजी घ्यावी. गोचिडीसाठी जनावराला टोचायची काही औषधे अशी आहेत की ती दिल्यावर ठरावीक दिवस त्या जनावराचे मांस खायचे नसते. पशुवैद्यकाला कुर्बानीची तारीख सांगूनच औषध द्यावे. दुकानातून मनाने बाटली आणून पातळ न करता फासणे तर मुलांना आणि जनावरालाही घातक आहे.

मुलांनी बकऱ्याशी खेळावे, पण त्याला बिछान्यात आणू नये. गोचिड्या काढायच्या असतील तर मोठ्यांनी, हातमोजे घालून, चिमट्याने काढाव्यात. ज्या खुराड्यात किंवा कोपऱ्यात बकरा बांधला, तिथल्या भिंतीच्या फटी आणि जमीन ईदनंतर स्वच्छ करावी. जनावर गेले तरी गोचिड्या तिथेच असतात.

जिलहिज्जचा चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत आपल्यातले अनेक जण नखे आणि केस कापत नाहीत. ही चांगली रीत आहे, पण दहा दिवस वाढलेल्या नखांत रक्त साचून राहते. म्हणून जबह करताना, खाल उतरवताना आणि मांस तोडताना रबरी हातमोजे घालावेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. हाताला जखम असलेल्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. रक्त डोळ्यात उडाले तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवावा. काम झाल्यावर नुसत्या पाण्याने हात धुणे पुरेसे नाही. साबण लावून, नखांत ब्रश घालून धुवावेत आणि मगच वुजू करावा. जनावर थंड होऊ लागले की गोचिड्या त्याला सोडून निघतात, म्हणून लहान मुलांना तेवढा वेळ तिथून दूर ठेवावे. मदरशासाठी खाल गोळा करणाऱ्या तरुणांना हातमोजे देणे हेही सवाबाचेच काम आहे.

रानात आणि बागेत जाताना

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ कपडे आणि त्यांची टोके मोज्यांत खोचलेली, असा पेहराव असावा. फिकट रंगावर गोचीड पटकन दिसते. आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारे तेल मिळत असेल तर ते हातापायांना लावून जावे. पालापाचोळ्यावर, गवतावर थेट बसू नये किंवा आडवे होऊ नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत, उन्हात वाळवावेत. बुरखा, ओढणी, सलवार यांचे काठ गवतावर घासतात, ते जरूर तपासावेत. साबण लावून आंघोळ करावी आणि कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्यांमागे हात फिरवून बघावे. लहान मुलांना आईने रोज तपासावे. पाच मिनिटांचे हे काम आहे.

ताप आला तर पहिले वाक्य कोणते?

डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण सांगतो, "ताप आहे, अंग दुखते." पावसाळ्यात त्याला डेंग्यू समजले जाते, एरवी व्हायरल. डॉक्टरांना गोचिडीचा संशय यायचा तर तो आपल्या बोलण्यातूनच येऊ शकतो. म्हणून पहिले वाक्य असे असावे: "दहा दिवसांपूर्वी गोचीड चावली होती" किंवा "आमच्या घरी बकरा होता, मी गोचिड्या काढल्या होत्या" किंवा "मी काजूच्या बागेत कामाला जातो, तिथे माकड मेलेले होते." एवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते, रक्त योग्य प्रयोगशाळेत जाते आणि रुग्णाला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते.

माकडतापावर आणि काँगो तापावर स्क्रब टायफससारखे खात्रीचे औषध नाही. पण वेळेवर सलाइन, रक्त, प्लेटलेट आणि सतत देखरेख मिळाली तर अनेकांचे प्राण वाचतात. तोपर्यंत तापासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. काँगो तापाचा संशय असेल तर रुग्णाचे रक्त, उलटी, कपडे हातमोज्यांशिवाय हाताळू नयेत. आणि दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर मय्यतच्या गुसलबाबत आधी रुग्णालयाला आणि जाणत्या उलेमांना विचारावे. कोरोनाच्या काळात आपण हे शिकलो आहोत. जिवंत माणसांच्या जिवाची काळजी घेण्याची सवलत शरीअतमध्ये आहे.

आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना लहानपणापासून ऐकवत आलो. चिमटा, हातमोजे आणि कॅलेंडरवरची खूण हे आपले उंट बांधणेच आहे. येत्या ईदला बकरा घरी आणाल तेव्हा दाव्याबरोबर एक बारीक चिमटा आणि हातमोज्यांची एक जोडीही आणा. मुलांना बकऱ्याच्या गळ्यात हात टाकू द्या, पण कानामागची गोचीड तुम्ही काढा. अल्लाह सर्वांना सुखरूप ईद नसीब करो, आमीन.